अवजारे झिजतात ती सिंकपाशी



आपल्याकडे व्याख्यानमाला चालतात त्या बहुतेक नेत्यांच्या, समाजसुधारकांच्या, साहित्यिकांच्या नावाने. ही व्याख्यानमाला ऑपरेशन थिएटरच्या एका इन्चार्ज सिस्टरांच्या स्मरणार्थ चालते. कात्र्या, फोर्सेप्स आणि नीडल होल्डर यांची निगा राखण्यात ज्यांची उभी हयात गेली, त्यांच्या स्मरणार्थ बोलायला मिळणे हा मी माझा मोठा सन्मान समजतो. मी डॉक्टर नाही. माझी नोकरी धातुशास्त्र शिकवण्यात गेली. सिस्टरांची आणि माझी ओळख झाली ती एका मोडलेल्या अवजारामुळे. त्याबद्दल पुढे सांगेनच. आजचा विषय त्यांनीच मला दिलेला आहे असे समजा: शस्त्रक्रियेची अवजारे पुन्हा पुन्हा धुतली, पुन्हा पुन्हा निर्जंतुक केली, तर त्यांचे काय होते?

रुग्णालयाच्या विश्वस्तांसमोर हा विषय काढला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "एक आर्टरी फोर्सेप्स किती वेळा ऑटोक्लेव्ह केली म्हणजे बाद करायची? आकडा सांगा." खरेदीच्या फायलीला आकडा लागतो, हे मला समजते. पण पोलादाच्या साध्या अवजारासाठी असा आकडा नाही. चांगले बनवणारेही तो देत नाहीत. ते म्हणतात, अवजार तपासा, आणि झीज किंवा बिघाड दिसला की बाद करा. मला आज ठामपणे मांडायचे आहे ते हेच, की ऑटोक्लेव्हची, म्हणजे निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, वाफ अवजाराला फारशी मारत नाही. त्याला मारतो तो वाफेच्या आधीचा तास. सर्जनच्या हातातून अवजार खाली ठेवले जाते आणि ते सिंकपाशी पोहोचते, या मधल्या वेळात त्याचे आयुष्य ठरते.

हे नीट कळण्यासाठी पोलादाविषयी थोडे बोलावे लागेल. लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा एक पापुद्रा धरतो. त्याची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दशलक्षाव्या भागाच्या हिशेबातली. या पापुद्र्यामुळे ते स्टेनलेस ठरते. इंग्लंडमध्ये शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी 1913 मध्ये असे पोलाद ओतले, त्यात क्रोमियम सुमारे तेरा टक्के होते. पापुद्र्याची खुबी अशी, की ओरखडा पडला तरी हवेतला ऑक्सिजन मिळताच तो परत धरतो. तापल्या दुधावरची साय काढली तरी दुसरी येते, तसेच.

आता स्वयंपाकघरातले स्टीलचे पातेले वर्षानुवर्षे गंजत नाही आणि थिएटरमधली महागडी कात्री गंजते, याचे कोडे पुष्कळांना पडते. दोन्ही स्टीलच, पण जात वेगळी. पातेल्यात अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. ते गंजाला दाद देत नाही, पण मऊ असते, त्याला धार टिकत नाही. कात्रीला धार हवी, फोर्सेप्सच्या दातांना पकड हवी, त्यासाठी पोलाद कठीण करावे लागते. म्हणून त्यात कार्बन जास्त घालतात आणि ते हजार अंशांच्या आसपास तापवून झटकन थंड करतात. हा कार्बन थोडे क्रोमियम स्वतःकडे बांधून घेतो, आणि मुळात तेरा टक्क्यांच्या आसपास असलेल्या क्रोमियममधून पापुद्र्यासाठी कमी उरते. धार हवी असेल तर गंजाचा थोडा धोका पत्करावाच लागतो. यात कारखानदाराची लबाडी नाही, हा धातूचाच स्वभाव आहे.

वाफेचे तापमान 121 अंश सेल्सियस असेल तर पंधरा मिनिटे, 134 अंश असेल तर तीन-चार मिनिटे, हे थिएटरमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. एवढ्या उष्णतेने पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणा उतरत नाही. म्हणून वाफेला मी फार दोष देत नाही. दोष द्यायचा तो क्लोराइडला, म्हणजे साध्या भाषेत मिठाला. रक्तात मीठ असते, सलाईनमध्ये ते 0.9 टक्के असते. क्लोराइडचे कण त्या पापुद्र्याला एखाद्या ठिकाणी भेदतात, आणि मग तिथे खाली खड्डा खोदला जातो. वरून टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका दिसतो, आत पोकळी असते. त्या पोकळीत ऑक्सिजन पोहोचत नाही, पापुद्रा परत धरत नाही आणि खड्डा आपला आपण वाढत राहतो. खड्ड्यात साचलेले रक्त ब्रशला लागत नाही, आणि सुकलेल्या रक्ताच्या आतल्या जंतूंपर्यंत वाफही नीट पोहोचत नाही. म्हणजे अवजाराचे दुखणे ते शेवटी रुग्णाचे दुखणे होते.

शस्त्रक्रिया चालू असताना अवजार पुसायला सलाईनचे भांडे ट्रॉलीवर ठेवण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. तिथे निर्जंतुक साधे पाणी ठेवा. खर्च तोच आहे. शस्त्रक्रिया संपल्यावर अवजारे तशीच ट्रेमध्ये टाकून चहाला जाण्याची सवयही तितकीच घातक. रक्त एकदा सुकले की दाते, खाचा, बिजागरी यांत ते सिमेंटसारखे बसते. कोणी घाईने गरम पाणी ओतले तर प्रथिने गोठून आणखी घट्ट चिकटतात. पहिले पाणी थंडच हवे, आणि धुणे पाण्याच्या पृष्ठभागाखाली हवे, म्हणजे धुणाऱ्याच्या तोंडावर तुषार उडत नाहीत.

आता हायपोबद्दल. या सभागृहात निम्मी मंडळी रुग्णालयातली आहेत, त्यांना 'हायपो' म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: सोडियम हायपोक्लोराइट, घरातल्या ब्लीचचाच भाऊबंद. एचआयव्हीची भीती पसरली तेव्हा वापरलेली अवजारे आधी 0.5 टक्के क्लोरीनच्या द्रावणात दहा मिनिटे बुडवायची, मग धुवायची, असे आपल्या परिचारिकांना शिकवले गेले. हेतू चांगला होता, धुणाऱ्या माणसाचे रक्षण व्हावे हा. पण दहा मिनिटांची बादली प्रत्यक्षात तासाची होते. दुसरी केस सुरू होते, ती संपते, तिचीही अवजारे त्याच बादलीत पडतात. क्लोरीन पोलादावर क्लोराइडचाच हल्ला करते. शिवाय रक्त आणि मळ यांच्यामुळे ते द्रावण स्वतःच निकामी होते, म्हणजे धुणाऱ्याचे रक्षण होते हाही भरवसा राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, धुण्याआधी अवजारे क्लोरीनमध्ये किंवा कोणत्याही जंतुनाशकात भिजवू नयेत असे सांगितले आहे. धुणाऱ्याचे रक्षण जाड हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, गमबूट आणि चेहऱ्यावरची ढाल यांनी करायचे. बादली आपल्याकडे अजून आहे. हातमोजे मात्र पुष्कळदा फाटलेले असतात, हे मी स्वतः पाहिले आहे आणि ते पाहून मला संताप आला आहे.

आता त्या मोडलेल्या अवजाराकडे येतो. सिस्टर एक दिवस आमच्या प्रयोगशाळेत आल्या. गॉजच्या तुकड्यात गुंडाळलेली आर्टरी फोर्सेप्स, दोन तुकडे झालेली. ती मोडली ती ट्रॉलीवर मांडताना, सुदैवाने रुग्णाच्या पोटात नव्हे. मोडली होती बरोबर सांध्यात, जिथे एक पाते दुसऱ्याच्या आतून जाते, ज्याला बॉक्स लॉक म्हणतात तिथे. त्यांचा प्रश्न एवढाच होता: "सर, ही आमच्या पोरींनी पाडली म्हणून मोडली, की आधीच मोडायला आली होती? कारण मेमो त्यांना मिळणार आहे."

तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. उत्तर द्यायला फार वेळ लागला नाही. मोडीच्या तोंडाचा मोठा भाग तपकिरी, डागाळलेला होता, आणि एका कडेला पातळ पट्टा चकचकीत, ताजा. याचा अर्थ असा, की भेग फार पूर्वीच सुरू झाली होती, तिच्यात पाणी, रक्त, वाफ जात-येत होती, ती प्रत्येक फेरीला थोडी पुढे सरकत होती. त्या दिवशी उरलेला तेवढा पातळ पट्टा काय तो तुटला. भेगेचा उगम सांध्याच्या आतल्या बाजूला, एका खड्ड्यापाशी होता. बाहेरून अवजार अगदी स्वच्छ दिसत होते.

याला ताण-गंजाची भेग म्हणतात. तिला तीन गोष्टी एकत्र लागतात: बळी पडणारे कठीण पोलाद, क्लोराइड आणि ओढ, म्हणजे ताण. पोलाद होतेच. क्लोराइड सांध्यात अडकलेल्या रक्तातून आले. आणि ताण? फोर्सेप्सच्या हँडलवर जे दाते असतात, रॅचेट, ते शेवटच्या खाचेपर्यंत बंद करून अवजार ऑटोक्लेव्हमध्ये घालण्याची तिथे पद्धत होती. ट्रे नीटनेटका दिसतो, अवजारे एकमेकांत अडकत नाहीत. पण बंद रॅचेटमुळे सांधा सतत ताणलेला राहतो, आणि तशा अवस्थेत तो तापतो, निवतो, परत तापतो. रॅचेट उघडे ठेवून, फार तर पहिल्या खाचेवर ठेवून, निर्जंतुक करायचे. उघड्या सांध्यात वाफही पोहोचते आणि ताणही राहत नाही. यासाठी एक पैसा खर्च नाही. मी अहवाल लिहून दिला, मुलींचा मेमो टळला, आणि सिस्टरांनी दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ट्रे उघड्या रॅचेटने लावायला सुरुवात केली. फोर्सेप्स ओवायची लांब पिन त्यांनी लोहाराकडून वाकवून आणली, म्हणजे अवजारे उघडीही राहतील आणि गुंतणारही नाहीत.

पाण्याचा मुद्दा आपल्या महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे. दख्खनच्या काळ्या खडकातले बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, चुन्याने भरलेले. असे पाणी अवजारावर वाळले की पांढरे चट्टे उठतात. पाण्यात किंवा वाफेत सिलिका असेल तर निळ्या-जांभळ्या, इंद्रधनुषी छटा येतात. क्लोराइड असेल तर शेवट गंजात. आरओच्या किंवा क्षारमुक्त पाण्याने निदान शेवटची विसळणी करावी आणि ऑटोक्लेव्हला तेच पाणी द्यावे, हा नियम सगळे सांगतात. पण 2016 च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथल्या एखाद्या छोट्या नर्सिंग होमला हे सांगणे सोपे नाही. आरओ यंत्र बरेच पाणी वाया घालवते. माझे मत असे, की ते वाया जाणारे पाणी फरशीला, संडासाला वापरावे, पण अवजाराची शेवटची विसळणी सोडू नये. ती विसळणी थोड्याच पाण्यात होते.

अवजारावर तपकिरी डाग दिसला तर तो गंज आहे की नुसता डाग, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पेन्सिलीचा खोडरबर घ्या आणि चोळा. डाग निघाला आणि खालचा धातू गुळगुळीत असेल, तर तो पाण्याचा किंवा रसायनाचा डाग. निघाला नाही, किंवा निघाल्यावर खाली खड्डा दिसला, तर तो गंज. असे अवजार त्याच दिवशी बाजूला काढायचे. त्याचा गंज ट्रेमधल्या शेजारच्या निरोगी अवजारांवर उतरतो आणि तीही गंजू लागतात.

काही नुकसान आपण प्रेमापोटी करतो. चकचकीत व्हावीत म्हणून तारेच्या घासणीने घासलेली अवजारे मी पाहिली आहेत. त्या ओरखड्यांत पुढच्या वेळी रक्त बसते. कपड्यांची पावडर वापरतात, ती फार अल्कधर्मी असते. मऊ नायलॉनचा ब्रश आणि साधारण उदासीन, एन्झाइमयुक्त द्रव हवा. चोरी होऊ नये म्हणून विद्युत-पेनने अवजारावर रुग्णालयाचे नाव खोदतात, आणि गंज बरोबर त्या अक्षरांतून सुरू होतो. कोणी रंगीत चिकटपट्टी गुंडाळते. ती जुनी झाली की तिच्या कडेखाली मळ साचतो. सांधे जड झाले म्हणून शिलाई मशीनचे तेल घालतात. तेलाच्या थरातून वाफ जात नाही, त्यामुळे तेल लावलेला सांधा निर्जंतुक झाला असे म्हणता येत नाही. पाण्यात मिसळणारे पांढरे वंगण मिळते, ते वाफेला वाट देते. तेच वापरायचे.

आतापर्यंत पोलादाबद्दल बोललो. प्लास्टिक, रबर, काच यांचा हिशेब वेगळा आहे. तिथे उष्णता खरोखरच मारते, आणि तिथे कधी कधी आकडा असतो. भूल देताना श्वासासाठी वापरायचा लॅरिंजियल मास्क, सिलिकॉनचा, पुन्हा वापरायच्या मूळ प्रकारासाठी बनवणाऱ्यांनी चाळीस वापर सांगितले. रोबोटिक शस्त्रक्रियेच्या अवजारात तर मोजणारी चिपच असते. ठरलेले वापर संपले की यंत्र ते अवजार घेतच नाही. काचेची भिंगे बसवलेल्या दुर्बिणीच्या नळ्या गरमागरम बाहेर काढून कोणी थंड सलाईनमध्ये बुडवल्या तर सील फुटते आणि आत वाफ धरते. त्यांना आपले आपण निवू द्यावे लागते.

सर्वांत जास्त काळजी मला लॅपरोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीतून होणाऱ्या पोटाच्या शस्त्रक्रियेच्या, अवजारांची वाटते. लांब दांडा, त्यावर विजेला अडवणारे प्लास्टिकचे वेष्टण, टोकाला विजेने रक्त थांबवण्याची सोय. हे वेष्टण घासण्याने, वाफेने, ट्रेमध्ये एकमेकांवर आदळण्याने झिजते. त्याला केसाएवढी चीर पडते. मोठी चीर डोळ्यांना दिसते आणि अवजार बाद होते. बारीक चीर दिसत नाही, आणि तीच जास्त घातक, कारण सगळी वीज त्या छोट्या जागेतून एकवटून बाहेर पडते. सर्जन स्क्रीनवर टोक पाहत असतो. दांड्याचा मधला भाग कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर असतो, आणि तिथे आतडे टेकलेले असू शकते. ते भाजले तर तो डाग त्या क्षणी कोणालाच दिसत नाही. रुग्ण काही दिवसांनी ताप आणि पोटदुखी घेऊन परत येतो. ही चीर शोधायला वीज सोडून तपासणारे छोटे यंत्र मिळते. लॅपरोस्कोपी करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात ते असलेच पाहिजे, यावर मी तडजोड करणार नाही.

मग एकदा वापरून फेकून का देऊ नये, असे कोणी विचारेल. ब्रिटनने हे करून पाहिले आहे. मेंदूच्या एका असाध्य रोगाचे कारण असलेली प्रिऑन नावाची प्रथिने नेहमीच्या निर्जंतुकीकरणाला पुरेशी दाद देत नाहीत, आणि ती टॉन्सिलच्या पेशींतही सापडतात. म्हणून जानेवारी 2001 मध्ये इंग्लंडमध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेसाठी एकदाच वापरायची अवजारे आणण्याचे ठरले. ती अवजारे जुन्या अवजारांच्या तोडीची नव्हती. रक्तस्राव वाढल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुन्हा वापरायची अवजारे परत आणावी लागली. नवे म्हणजे सुरक्षित असे आपोआप होत नाही.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण सांगतो, नाहीतर मी फक्त पुन्हा वापरण्याची बाजू घेतो असे होईल. पित्तनलिकेच्या तपासणीच्या लवचीक दुर्बिणीच्या टोकाला एक हलती छोटी पट्टी असते. तिच्या मागच्या खाचेत ब्रश पोहोचत नाही. अशा दुर्बिणींमधून औषधांना न जुमानणारे जंतू रुग्णांमध्ये पसरल्याचे प्रकार अमेरिकेत झाले. 2015 मध्ये लॉस एंजेलिसच्या यूसीएलए रुग्णालयातला प्रकार जगभर गाजला. दिलेल्या सूचनेबरहुकूम धुऊनही जंतू उरू शकतात, हे लक्षात आले. शेवटी 2019 मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, टोकाचा भाग काढून टाकता येईल अशा नव्या रचनेकडे वळण्याची शिफारस केली. धुता येत नाही असे अवजार बनवणे हा बनवणाऱ्याचा दोष आहे, तो सिंकपाशी उभ्या असलेल्या बाईच्या माथी मारता येणार नाही. खरेदी करतानाच विचारा: हे सुटे करता येते का? याच्या नळीत ब्रश जातो का? धुण्याची लेखी पद्धत दिली आहे का?

आता तपासणीबद्दल. सुश्रुतसंहितेत 101 यंत्रे आणि 20 शस्त्रे सांगितली आहेत आणि शस्त्रांचे आठ दोषही मोजले आहेत. वाकडे, बोथट, मोडके, खरबरीत धारेचे, असे ते दोष. धार केस कापून पाहावी, असेही सांगितले आहे. म्हणजे तपासणी हा शस्त्रक्रियेचाच भाग आहे, हे आपल्याकडे फार जुने ज्ञान आहे. सिस्टरांचे तपासणीचे टेबल मी पाहिले आहे. फोर्सेप्स उजेडाकडे धरून टोके आधी जुळतात की मागचे दाते, हे त्या पाहत. रॅचेट पहिल्या खाचेवर लावून हँडल तळहातावर हलकेच आपटत. उघडले तर बाद. नीडल होल्डरमध्ये सुई दुसऱ्या खाचेवर धरून बोटाने फिरवून पाहत. फिरली तर दुरुस्तीला. कात्रीच्या अगदी टोकाने गॉज कापत. धागा ओढला गेला तर धार लावायला. एका अवजाराला काही सेकंद. पण त्या सेकंदांसाठी टेबल, चांगला दिवा, भिंग आणि घाई नसलेला माणूस लागतो.

आपल्या बहुतेक रुग्णालयांत निर्जंतुकीकरण विभाग तळघरात किंवा जिन्याखाली असतो. तिथे कंत्राटी मुले-मुली असतात, त्यांना प्रशिक्षण मिळत नाही, आणि पुढच्या केसचा फोन सतत वाजत असतो. अशा ठिकाणी लाखो रुपयांची अवजारे झिजतात, आणि रुग्णाच्या सुरक्षेचा पहिला पहारा तिथेच असतो.

म्हणून इथे बसलेल्या विश्वस्तांना आणि डॉक्टरांना माझी एक विनंती आहे. अवजार सदोष आहे असे तपासणाऱ्या सिस्टरांनी किंवा तंत्रज्ञांनी म्हटले, तर ते त्या दिवशी वापरले जाणार नाही, मग समोर कितीही ज्येष्ठ सर्जन असोत, असा लेखी नियम करा. तो कागद सर्जनच्या सहीसह तपासणीच्या टेबलासमोर लावा, आणि त्यासोबत एक दिवा, एक भिंग आणि न फाटलेले हातमोजे द्या.